‘फार समजूतदार आहे पोरगं’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्याविषयी

ताई, मी काय समजले ते तुम्हाला कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा भाऊ दोन वर्षं डायलिसिसवर होता आणि गेल्या वर्षी गेला. दवाखान्यापायी कर्ज झालं, एक एकर गहाण पडलं. गावी आता वहिनी, तुमच्या आई, ११ वर्षांचा भाचा आणि ६ वर्षांची भाची. भाचा पहाटे उठून पाणी भरतो, डेअरीवर दूध घालतो, बहिणीची वेणी घालून तिला शाळेत नेतो. शाळेत पहिली-दुसरीच्या लेकरांना जेवायला बसवतो, कुणी पडलं-झडलं तर त्याला उचलतो. सर परिपाठात त्याचं नाव घेतात. बापाच्या माघारी तो एकदाही रडला नाही. क्रिकेट सोडलं. आणि दिवाळीला तुम्ही घेतलेला स्वेटर त्यानं महिन्याच्या आत वर्गातल्या एका मुलाला देऊन टाकला. तुम्ही विचारता की हा चांगुलपणा जपायचा कसा, यात काळजीचं काही आहे का, आणि त्याला पुण्याला आणावं का.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये २६ वर्षं शिकवलं. नंतरची नऊ वर्षं आईबापांपैकी कुणी गेलेल्या किंवा कामासाठी लांब असलेल्या मुलांबरोबरच काढली. तुमच्या भाच्याला मी पाहिलेलं नाही. काही मुलं मुळातच मायाळू असतात, दुःख नसतानाही अशीच वागली असती. वहिनींची तब्येत कशी आहे, सावकाराचा तगादा किती आहे, गुरुजी कसे आहेत यावरही बरंच अवलंबून आहे. तेव्हा मी सांगते ते तुमच्या घराला लावून बघा आणि जे बसत नाही ते सोडून द्या.

तुमच्या सगळ्या मजकुरात हा मुलगा देतो आहे. पाणी देतो, वेळ देतो, स्वेटर देतो. त्यानं कुणाकडे काही मागितलं असं एकदाही आलेलं नाही. मला काळजी वाटली ती इथं. तो किती मदत करतो हे मी फारसं मोजत नाही. त्याला स्वतःसाठी मदत मागता येते का, हे मी आधी बघते.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. सहावीच्या वर्गावर असताना माझ्याकडे एक मुलगा होता. वडील गेलेले, आई मामाच्या जोडीनं ऊसतोडीला कारखान्यावर, हा आजीजवळ. खिचडीच्या वेळी तो वाढायला उभा राहायचा. मोठी पळी हातात, कुणाला किती लागते, कुणाला तळची खरवड आवडते, सगळं त्याला पाठ. शेवटी पातेल्यात उरेल ते डब्यात दाबून भरायचा, आजीसाठी. स्वतः दोन घास. मी तीन महिने परिपाठात त्याचं कौतुक केलं. मुलांना म्हणायचे, बघा, याच्यासारखं व्हा.

एके दिवशी त्याच्या कंपासपेटीच्या झाकणाची बिजागरी तुटली. पत्र्याची जुनी पेटी, रंग उडालेला. त्यानं तारेचा तुकडा घालून झाकण बसवायचा प्रयत्न केला. तार निसटून बोटाला लागली आणि तो रडायला लागला. मधली सुट्टी संपली, पुढचा तास संपला, तरी थांबेना. बाप गेला तेव्हा ज्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं, तो मुलगा कंपासपेटीसाठी हमसून हमसून रडत होता. मी जवळ बसून म्हटलं, अरे, नवी आणू. तर आणखी जोरात रडला. म्हणाला, “मग मागावी लागंल ना, बाई.”

तेव्हा मला कळलं की आपण तीन महिने भलत्याच गोष्टीचं कौतुक करत होतो. घरात ओढाताण असली की मूल आईचा चेहरा वाचायला लागतं. वहीला पैसे मागितले की आई गप्प होते, आजी डोळे पुसते. दोन-चार वेळा असं झालं की मूल मनाशी ठरवतं, मागायचं नाही. आणि देणं मात्र फार सोयीचं असतं. दिलं की सगळे खूश, घरात आपली जागा पक्की. आपण उपयोगी पडतोय तोवर आपलं कुणाला ओझं नाही, असा त्याचा हिशोब असतो. तो हिशोब तो बोलून दाखवत नाही. आपण त्याला समजूतदार म्हणतो आणि नकळत त्यावर शिक्का मारतो.

मग मी काय केलं? गावातल्या लग्नात वाढप्यांचं काय करतात ते आठवा. भर उन्हात चार पंगती उठवणारी पोरं शेवटच्या पंगतीला बसतात आणि जेवून उठलेली मंडळी त्यांना वाढायला थांबतात. आग्रह करकरून वाढतात. वाढप्याला उपाशी ठेवून कार्य पार पडलं असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. मी वर्गात पाळ्या लावल्या. पाळी असेल त्या दिवशी त्यानं वाढायचं, एरवी ताट घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं त्याला वाढायचं, पोटभर. आजीच्या डब्याची सोय मी तिच्या शेजारणीकडे वेगळी लावून दिली, म्हणजे स्वतःच्या घासातून वाचवायला नको. पहिले आठ-दहा दिवस तो सारखा उठायचा. “बाई, तिकडं पाणी संपलंय,” म्हणून निमित्त काढायचा. मी त्याला खाली बसवायचे. दोनेक महिन्यांनी गणिताच्या तासाला, सगळ्यांसमोर, त्यानं हात पुढे केला, “बाई, रबर द्या की.” इतर मुलं दिवसातून दहा वेळा मागतात. याचं ते पहिलं मागणं होतं. तो पुढंही वाढतच राहिला, पण आता दुसऱ्या कुणी पळी धरली की त्याचा जीव कासावीस होत नसे.

म्हणून भाच्याला आधी मागणं शिकवा. ते उपदेशानं येत नाही. “काही लागलं तर सांग हं,” हे वाक्य अशा मुलांना काही उपयोगाचं नसतं, कारण त्यांचं उत्तर तयार असतं, “काही नको, आत्या.” त्याऐवजी दोन गोष्टींतली एक निवडायला सांगा. चपला आणायच्या आहेत, सँडल की बूट? या महिन्यात बॅट की बॉल? निवडणं हे मागण्याच्या जवळचं आहे आणि त्यात कमीपणा वाटत नाही. तुम्हीही त्याच्याकडे लहानसं काही मागा आणि त्यानं दिलं की लगेच परत काही द्या. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते हे त्याला दिसू द्या. शेजारच्या काकूंकडून ताक आणायला पाठवा. विरजण मागायला, पंप मागायला पाठवा. गावात ही मागामागी रोज चालते, त्यात कुणी लहान होत नाही, हे त्याच्या पायांना कळू द्या.

आता उलट बाजू, कारण इथं मी एकदा मोठी चूक केली आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेले. लेकरू वर्गात रडायचं, तिचं लक्ष लागायचं नाही. मी तिच्या भल्यासाठीच म्हटलं, उद्यापासून याला आणायचं नाही, तू शिकायला येतेस. ती अकरा दिवस शाळेत आली नाही. घरी गेले तर आजी म्हणाली, पोरगी जेवत नाही. भावाला सांभाळणं हाच त्या घरातला तिचा मान होता आणि मी तोच काढून घेतला होता. मग भावाला अंगणवाडीत बसवायची सोय केली, आणण्या-नेण्याचं काम तिच्याकडेच ठेवलं. ती परत आली.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला. त्यातली सुमारे २०० मुलं फार अवघड घरांतली होती, गरिबीची, आजारपणाची, भांडणांची. त्यांतली साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली, माया करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं हे बघताना दोन गोष्टी वर आल्या. एक, घरात किंवा घराबाहेर त्यांना धरून राहिलेलं निदान एक मोठं माणूस. दुसरी, त्यांच्याकडे घरातली किंवा शेजारातली काही खरी कामं होती, ज्यांची कुणाला तरी गरज होती. हे वाचलं तेव्हा मला ती मुलगी आठवली. घराला लागणारं काम केल्यानं मूल मोडत नाही. मागं मोठं माणूस नसलं की मोडतं.

तर भाच्याची सगळी कामं काढून घेऊ नका. डेअरीचं दूध राहू द्या. बहिणीला शाळेत नेणं राहू द्या. मी एवढंच बघते की एखाद्या दिवशी तो आजारी पडला तर ते काम कोण करणार हे घरात ठरलेलं आहे का. ठरलेलं नसेल तर ते मुलाचं काम नाही, मोठ्यांचं आहे आणि ते मुलाकडे येऊन पडलं आहे. आठवड्यातून एक सकाळ डेअरीला दुसरं कुणीतरी जाऊ दे, वहिनी किंवा शेजारचा मुलगा. त्या सकाळी तो झोपला तरी चालेल, लोळला तरी चालेल. सुरुवातीला त्याला चैन पडणार नाही. पडू लागेल.

कामांपेक्षा जड असतात ती वाक्यं. तेराव्याला पाहुण्यांनी त्याला टोपी घातली असेल, खांद्यावर टॉवेल टाकला असेल आणि कुणीतरी म्हटलं असेल, “आता तूच घरातला कर्ता.” आपल्याकडे हे प्रेमानंच म्हणतात. पण ११ वर्षांचं मूल ते अक्षरशः घेतं. रात्री जागून आईचं रडणं ऐकतं, सावकार दारात आला की पुढं होऊन उभं राहतं. हे वाक्य कुणीतरी मोठ्यानं परत घ्यायला लागतं. तुमच्या आई आणि वहिनी दोघीही बसलेल्या असताना तुम्ही म्हणा, “कर्ज आहे, हे तुला माहीत आहे. ते फेडायचं काम तुझ्या आईचं आणि माझं. तुझं काम सहावीत जायचं.” मात्र तुम्ही खरंच फेडायला हात लावणार असाल तरच तसं म्हणा. अशी मुलं खोटं लगेच ओळखतात. आणि वहिनींना मनातलं बोलायला एक मोठं माणूस मिळू द्या, तुम्ही स्वतः किंवा त्यांची बहीण. नाहीतर त्या रात्री मुलापाशीच बोलणार, यात त्यांचा दोष नाही, त्यांना दुसरं कोण आहे?

स्वेटरचं म्हणाल तर रागावू नका आणि शाबासकीही देऊ नका. सहज विचारा, त्याला थंडी वाजत होती का? तुला नाही वाजली का? दोन प्रकारची उत्तरं येतात. एक, “त्याच्याकडं नव्हता, माझ्याकडं जुना आहे.” हा विचार करून दिलेला आहे, उत्तम आहे. दुसरं, “मला नाही लागत.” हे ऐकू आलं तर सावध व्हा. ‘मला लागत नाही’ म्हणणारं मूल हळूहळू भूक, झोप, दुखणं, सगळ्यालाच तसं म्हणायला लागतं. त्याला सांगा की द्यायचं असेल तर आधी घरात विचारायचं, आणि आपल्याला पुरेल एवढं ठेवून द्यायचं. कुणाला मदत करावीशी वाटली तर एकट्यानं करू नको, दोघं-तिघं मिळून करा. गुरुजींना सांगून त्याला दोस्ताच्या जोडीनं काम द्यायला लावा. जोडीनं केलेल्या मदतीत त्याला सोबत मिळते आणि भारही वाटला जातो.

पुण्याला आणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पण ते तुमच्या घरापुरतंच. आत्ता आणू नका. बापाला जाऊन वर्षच झालंय. आता त्याला आई, आजी आणि बहिणीपासून उचललं तर तो तुमच्या फ्लॅटमध्ये बसून आज दूध कुणी घातलं, बहिणीची वेणी कुणी घातली, हेच मोजत बसेल. आपण त्यांना सोडून आलो असं त्याला वाटेल. वहिनी स्वतः कामाला पुण्याला यायचं म्हणत असतील आणि चौघंही येणार असतील तर गोष्ट निराळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघा भावंडांना महिनाभर आणा, त्याला तुमच्या सोसायटीतल्या पोरांत खेळायला सोडा आणि घरातलं एकही काम सांगू नका.

पुण्यात बसून तुम्हाला करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम कागदपत्रांचं आहे. वहिनींच्या नावानं संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा, त्यात दरमहा १,५०० रुपये मिळतात. दोन्ही मुलांसाठी बाल संगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा, मुलामागे दरमहा २,२५० रुपये. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती लागू आहे, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून कर्ता माणूस गेल्यावर एकदाच २०,००० रुपये मिळतात, गेलेल्याचं वय १८ ते ५९ असावं लागतं. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचं बोनाफाईड, पासबुक हे सगळं एका फाईलला लावून ठेवा. पैसे वेळेवर येतीलच असं समजू नका, पाठपुरावा करावा लागतो आणि तो तुम्ही करा. कारण कुठला दाखला राहिला, कुठं सही हवी, हे निरोप आज बहुधा तुमचा भाचाच सेतू केंद्रातून घरी आणत असणार.

झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, पोट रोज दुखतं पण डॉक्टरांना काही सापडत नाही, जेवण तुटलं, किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मोफत आहे आणि मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

आता तुमच्या मजकुरातलं एक वाक्य, जे मी चार-पाच वेळा वाचलं. तुम्ही ओघात लिहिलंय की दादा आजारी असताना “त्याचं पाणी हाच मोजून द्यायचा.” डायलिसिसच्या पेशंटला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे ९-१० वर्षांचं मूल पेला धरून बापाजवळ बसायचं. उन्हाळ्यात बाप म्हणत असणार, अजून घोटभर दे रे. याने कधी दिला असेल, कधी नाकारला असेल. दिला असेल तर त्याला वाटत असेल, माझ्यामुळे गेले. नाकारला असेल तर वाटत असेल, तहानलेले गेले. दोन्हीकडून तोच अपराधी. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण आजारी माणसाची सेवा केलेल्या मुलांपैकी फार जणांकडे मला अशी एक लपवलेली चूक सापडली आहे, आणि गावभर मदत करत फिरणं ही बऱ्याचदा तिचीच भरपाई असते.

हे समोर बसवून विचारू नका. त्याच्याबरोबर डेअरीला चालत जा, किटलीची एक बाजू तुम्ही धरा. चालताना मुलं बोलतात, कारण डोळ्यात बघावं लागत नाही. तुम्ही आधी स्वतःचं सांगा, “दादाला पाणी नाही म्हणताना मला फार वाईट वाटायचं. तुला काय वाटायचं रे?” आणि गप्प राहा. त्यानं काही सांगितलं तर घाईनं “छे छे, तसं काही नसतं” म्हणू नका. ऐकून घ्या. मग त्या डायलिसिस सेंटरमधल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना तुम्ही एकट्या आधी भेटा, दादा नेमका कशानं गेला ते नीट विचारून घ्या. दोन वर्षं आठवड्याला दोन-तीन फेऱ्या झाल्या म्हणजे ती माणसं या मुलाला नावानं ओळखत असणार. त्यांनीच त्याला सांगू द्या की आजार किडनीचा होता, आणि पाण्याचा हिशोब ठेवणं हे मोठ्यांचं काम होतं, ते त्याच्याकडे यायलाच नको होतं. आत्यानं सांगितलं तर त्याला वाटेल समजूत काढतेय. पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलं तर तो ऐकेल. जाताना वहिनींनाही बरोबर घ्या. त्यांनाही ते ऐकायची गरज असेल.